फळीवरचा आकाराम

या व्यवहारात कुणाला काय सुटणार होतं ते आधी मांडतो. पुढं सगळाच घोळ आहे, निदान सुरुवात तरी नीट असावी.

हवालदार हंबीररावाला विहिरीवर बसवायला तेलाचं इंजिन मिळणार होतं. आमच्या धनपालशेठना, सगळं मनासारखं जमतं तर, साडेअकरा हजार रुपये सुटणार होते. आणि हंबीररावाच्या आईला, अंबूबाईला, नवरा मिळणार होता. नवा नव्हे, स्वतःचाच. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि त्याचं तोंड तिला आठवत नव्हतं.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. लग्नात ती चौदाची, आकाराम पलटणीत. दोन वर्षांत त्याला रजा मिळाली दोनदा, एकूण दिवस एकेचाळीस. सासू, सासरा, दीर, जावा यांनी भरलेलं घर. दिवसा नवऱ्याकडं मान वर करून बघायची चाल नव्हती, आणि दिवे मालवल्यावर काय दिसणार? एकेचाळीस दिवसांत तिनं पाय मात्र पुष्कळ बघितले. डाव्या करंगळीला कुऱ्हाडीची खूण होती हे ती शपथेवर सांगते. तोंडाचं विचाराल तर मिशी, आणि हसताना गालाला पडणारी एक घडी, एवढंच. १९१५ साली तो बसऱ्याला लढाईवर गेला. पुढच्या साली तार आली: बेपत्ता, मेला असं समजावं. फोटो कधी काढलाच नव्हता. बायकांनी बांगड्या फोडल्या, सरकारनं महिना पाच रुपये पेन्शन बांधून दिली, आणि पाळण्यातला हंबीरराव तेवढा शिल्लक राहिला.

हा हंबीररावही वाढून पलटणीतच गेला. १९४४ च्या हिवाळ्यात तो इटलीत होता. तिथल्या एका पडक्या गावात एक बाई त्याच्याकडं आली आणि दुधाचे दोन डबे अन् एक ब्लँकेट मागून बदल्यात एक फळी देऊन गेली. फळीवर चित्र. कोपऱ्यात बारीक अक्षरं. त्याच्या कॅप्टनानं ती अक्षरं वाचली आणि म्हणाला, "हवालदार, ये तो रेम्ब्रांट है! सच्चा निकला तो अपना पूरा तालुका खरीद लेना." कॅप्टन हे बोलून मोठ्यानं हसला होता. हसल्याची गोष्ट हंबीररावानं मला सांगितली, पण फार उशिरा.

१९४६ च्या फेब्रुवारीत तो लोणंदकडच्या खंडाळ्याजवळ आपल्या गावी आला आणि ट्रंकेतनं फळी काढून भिंतीला टेकवली. दीड हात उंच, हातभर रुंद, जुन्या काकवीच्या रंगाची. तीत एक म्हातारा छातीपर्यंत दिसत होता. डोक्याला कापड गुंडाळलेलं, पांढरी दाढी, मोठं नाक, एक हात छातीवर, आणि डोळे असे की घरातलं कुणीतरी आत्ताच रागावून बाहेर गेलंय.

अंबूबाई चुलीपुढनं उठून आली. बघितलं. डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"काय झालं गं आये?"

"काय झालं काय? पाया पड. तुजा बा हाय."

"आये, ह्यो तिकडचा गोरा म्हातारा हाय."

"थंडीत ऱ्हाऊन गोरा झाला आसंल."

"आन दाढी?"

"तीस वर्सं कोन करनार हुतं त्येंची?"

"आगं, बसरा कुठं आन इटली कुठं!"

"तू न्हाईस गेला दोन्हीकडं? तुला न्हेलं सरकारनं, मग त्येस्नी न्हेलं नसंल?"

हंबीरराव खरोखरच दोन्हीकडं जाऊन आला होता.

"पाय दावलं असतं तर मी लगीच सांगितलं असतं," ती भिंतीकडं बघतच म्हणाली. "पर त्येनीच हायती."

तिचा हिशेब तसा सरळ होता. ज्या अर्थी कुणी त्याचं म्हातारपणी चित्र काढलं, त्या अर्थी तो म्हातारा होईपर्यंत जगला. जगला तर आजही असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तीस वर्षांनी तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

गावाची अडचण झाली. ओटी भरायला तिला बोलवावं की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. बोलवलं तर अपशकुन, आणि न बोलवावं तर उद्या आकाराम खरंच स्टेशनावर उतरायचा. एक म्हातारा म्हणाला, आधी फळी पंचांपुढं ठेवा. दुसरा म्हणाला, पंचांत तरी आकारामाचं तोंड आठवणारा कोण उरलाय? मार्चच्या पहिल्या तारखेला अंबूबाई पेन्शन आणायला पोस्टात गेली नाही. एप्रिलमध्ये नाही, मेमध्ये नाही.

"जित्या मानसाची पेन्शन खाऊ व्हय?" ती म्हणाली. हंबीररावानं कपाळावर हात मारला, पण पाच रुपयांचा तगादा आईकडं कोण लावतो?

आता आमची बाजू. मी सांगलीत धनपालशेठांच्या पेढीवर दिवाणजी. पेढी हळदीची, पण लढाईच्या दिवसांत ज्याला भाव येईल ते शेठ घेत आणि देत. आटपाडीकडं एकाची विहीर आटली, तेव्हा त्याचं तेलाचं इंजिन शेठनी साडेचारशेला उचललं होतं. त्या साली इंजिन म्हणजे देव. हंबीरराव त्याच इंजिनासाठी पहिल्यांदा एकटाच आला. पैसे थोडे आणि कागदावर उतरून आणलेली ती कोपऱ्यातली अक्षरं, एवढं घेऊन. शेठनी त्याला चहा दिला, कागद ठेवून घेतला आणि मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पत्र घातलं. उत्तर आलं: माल अस्सल असल्यास बारा हजार देऊ, नक्कल करणाराचा असल्यास चाळीस.

शेठनी पत्र तिजोरीत टाकलं आणि हंबीररावाला कळवलं, चित्र घेऊन या, इंजिनाचं बघू.

चित्र आलं, पण एकटं आलं नाही. लोणंदला गाडी धरून मांडीवर फळी घेऊन अंबूबाई आली. समोरच्या बाकावर कुणी पाय पसरले की ती फळी दुसरीकडं वळवायची, असं हंबीरराव सांगत होता.

शेठनी चष्मा लावून चित्र पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. तेलाचं चित्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं; त्यांना ते काळवंडलेलं दिसलं, म्हणजे जुनं असणार, म्हणजे चांगलं असणार.

"अकराशेचं इंजिन आहे हवालदार," ते म्हणाले. "तुमच्याकडनं पैसा नको. हे ठेवा नि इंजिन न्या."

हंबीरराव हो म्हणायला तोंड उघडणार तोच अंबूबाई बोलली, "इंजनावर नवरा द्याचा व्हय?"

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी वहीकडं.

"आक्का, हे तुमचे कोण म्हणालात?"

"ह्येचा बा."

शेठनी म्हाताऱ्याकडं बघितलं, हंबीररावाकडं बघितलं, परत म्हाताऱ्याकडं बघितलं. "नाकात थोडं साम्य आहे," ते सावधपणे म्हणाले.

मग नाथाजी पेंटरला बोलावणं गेलं. सांगलीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस. शिवाय दुकानांच्या पाट्या. चित्रातलं कळणारं गावात दुसरं कोणी शेठच्या माहितीत नव्हतं. नाथाजीनं फळी उजेडात नेली, बोटानं ठोकली, वास घेतला.

"रेम्ब्रांट म्हंजी हॉलंडचा, शेट. तीनशे वर्सं झाली त्याला. तवापास्नं जो तो त्याच्यासारकं काढतोय आन खाली त्याचंच नाव घालतोय."

"म्हणजे हे अस्सल का नक्कल?"

"हात चांगला हाय."

"कुणाचा हात?"

"ज्यानं काढलं त्येचा."

शेठना यातनं काही मिळालं नाही. पण त्यांच्या डोक्यात दुसरी युक्ती आली होती. ते म्हणाले, "नाथाजी, याच्यासारखी दुसरी फळी कर. हुबेहूब. म्हणजे आक्कांना त्यांचा माणूस राहील आणि मला चित्र राहील. पस्तीस रुपये देतो." आणि अंबूबाईकडं वळून म्हणाले, "आक्का, तुम्ही स्वतः समोर बसून काढून घ्या. मनाजोगं झालं तर घ्या, नाहीतर इंजिनही नको नि काही नको."

अंबूबाई कबूल झाली, आणि मायलेक सांगलीतच राहिली. तिच्या मनात काय होतं ते त्या वेळी तिलाही ठाऊक नसावं.

पुढचं मला महिन्याभरानं कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण उशिरा कळल्यानं आम्हाला काय भोगावं लागलं ते मला माहीत आहे.

नाथाजीनं जुन्या कपाटाच्या दाराची सागवानी फळी कापून घेतली आणि आठ दिवसांत म्हातारा उतरवला. नाक, दाढी, छातीवरचा हात, कोपऱ्यातली अक्षरं, सगळं. मूळ फळीच्या पाठीवर परदेशी लिपीतली एक चिठ्ठी होती, तीही त्यानं सोडवून नव्या फळीला डकवली, कारण चिठ्ठी त्या चित्राची होती. काम त्याच्या मनासारखं झालं. त्यानं अंबूबाईला दाखवलं.

"ह्यात त्येनी न्हाईत," ती म्हणाली.

"आक्का, हुबेहूब हाय की!"

"आसंल. पर ही फळी सांगलीची. त्येनी आलं ते ह्या फळीवर." तिनं जुन्या फळीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "पेंटर, ह्येंची दाढी न्हाई का निगनार?"

आता इथं कुणाही शहाण्या माणसानं विचार केला असता. नाथाजीनं केला नाही, आणि त्याचा धंदा बघता त्याची चूकही म्हणवत नाही. एका कंपनीचं जंगल दुसऱ्या कंपनीला राजवाडा म्हणून हवं असलं, की तो त्याच पडद्यावर राजवाडा रंगवायचा. जुना पडदा हा त्याच्या लेखी नव्या पडद्याचं कापड. शेठना म्हातारा पाहिजे होता, तो शेजारी उभा होताच. ताजा, बिनतड्याचा, मूळच्यापेक्षा उजळ. नाथाजीनं जुन्या फळीला सोड्याचं पाणी लावलं, नवा रंग धरावा म्हणून काचकागदानं नीट घासलं, आणि विचारलं, "हं, सांगा आक्का."

दाढी गेली. मिशी आली, पांढरी. "काळी करा." काळी झाली. कपाळाच्या सुरकुत्या गेल्या. डोक्यावरच्या कापडाचा फेटा झाला, बसक्या वळणाचा, त्यांच्या गावाकडं बांधतात तसा. गोरेपणा उतरला.

"आजून ल्हान," अंबूबाई म्हणाली.

"किती ल्हान?"

"गेलं तवा हुतं तेवढं."

नाथाजीनं वर्षं काढायला सुरुवात केली. चाळीस, तीस, पंचवीस. तोंड बरं जमत होतं, पण अंबूबाई मान हलवत होती. कुठं चुकतंय ते तिला सांगता येईना. तेवढ्यात हंबीरराव खानावळीतनं डबा घेऊन आला.

"थांब. हास," ती त्याला म्हणाली.

"का गं?"

"हास म्हंती न्हवं!"

एकतीस वर्षांचा हवालदार डबा हातात धरून हसला. त्याच्या डाव्या गालाला घडी पडली. नाथाजीनं ब्रश टेकला.

अंबूबाई फळीपुढं मांडी घालून बसली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं वर घेतला नाही. चांगली घटकाभर ती समोरासमोर, डोळ्यांत डोळे घालून बघत राहिली. ते तोंड खरं आकारामाचं होतं की तिच्या लेकाचं, हे मी नाथाजीला तीनदा विचारलं. तो म्हणतो, मला काय ठाऊक, बाई म्हणाली ते काढलं.

शेवटी ती म्हणाली, "ह्येनी दाढीपतूर जगलंच न्हाईत म्हनायचं." बोटानं तिनं स्वतःचं कुंकू पुसलं आणि ते बोट फळीकडं नेलं.

"रंग वला हाय आक्का," नाथाजी म्हणाला. "मी लावतो." त्यानं आकारामाच्या कपाळावर तांबडं गंध ओढलं.

दोन्ही फळ्या पेढीवर आल्या. शेठनी त्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. एकीवर हॉलंडचा म्हातारा, अक्षरं, पाठीला चिठ्ठी. दुसरीवर फेटा बांधलेला, गंध लावलेला जवान. शेठना हसू आवरेना. नक्कल करायला सांगितली आणि म्हातारीनं काय करून घेतलं बघा, असा चेहरा त्यांनी माझ्याकडं केला.

"चमकतोय की म्हातारा," ते नाथाजीला म्हणाले.

"तेलपानी क्येलंय, शेट."

"शाब्बास!"

हंबीरराव उद्या बारा हजारांचा सुगावा लागून भांडायला येईल, ही शेठची खरी धास्ती. म्हणून त्यांनी मला कागद लिहायला लावला: दोन्ही फळ्या डोळ्यांनी पाहून, आपल्या पसंतीने, ही एक निवडून घेतली; इंजिन पोचले; यापुढे दोन्ही बाजूंची कसलीही तक्रार चालणार नाही. दोघांनी सह्या केल्या. सही करताना शेठ इतके खुश होते की अंबूबाईला त्यांनी हळदीची पुडी दिली. ती तिनं घेतली नाही. कपाळ मोकळं आहे हे शेठच्या ध्यानात तेव्हा आलं, आणि ते जरा गोंधळले.

"आक्का, कुंकू?"

"फळीवर हाय," ती म्हणाली आणि गाडीकडं निघाली.

जुलैत मुंबईचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. "आपला माल पोचला. रंग अद्याप पुरता वाळलेला नाही. रेम्ब्रांटच्या कोणा हल्लीच्या नक्कल करणाराचे काम आहे. हात चांगला आहे. ठरल्याप्रमाणे चाळीस रुपये पाठवत आहोत."

"वाळला नाही?" शेठ म्हणाले. "तीनशे वर्षांत?"

नाथाजीला बोलावलं. त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता, कारण लपवण्यासारखं काही केलंय हेच त्याला माहीत नव्हतं.

"अरे, मग मुंबईला गेलं ते कोण?"

"माझा म्हातारा."

"आणि माझा म्हातारा?"

"आकारामाच्या खाली."

शेठ गादीवर बसले. मग उठले. मग परत बसले. त्यांचा गोंधळ मी त्यांच्या बाजूनं सांगतो. मुंबईवाला नक्कल म्हणाला ती नाथाजीच्या म्हाताऱ्याला. मग मूळ म्हातारा अस्सल होता की तोही नक्कलच? नक्कल असेल तर बुडाले साडेचारशेच. अस्सल असेल तर बुडाले बारा हजार. किती बुडाले हेच कळत नाही, असं नुकसान त्यांनी आयुष्यात सोसलं नव्हतं.

नाथाजी म्हणाला, "शेट, त्या कागदात माझा हात चांगला हाय असं लिवलंय न्हवं? तेवढा कागुद मला द्या. दुकानात लावतो."

श्रावणात शेठ, नाथाजी आणि मी रंग उतरवायला टर्पेंटाइनची बाटली घेऊन खंडाळ्याला गेलो. विहिरीवर इंजिन धडधडत होतं, उसाला पाणी चाललं होतं. हंबीररावानं कागद आणून पुढं ठेवला. शेठ म्हणाले, कागद मला पाठ आहे. मला फक्त बघायचंय.

फळी आतल्या खोलीत, हार घातलेली. अंबूबाई दारात उभी राहिली. तिनं अडवलं असतं तर शेठ परत फिरले असते, असं मला वाटतं. तिनं अडवलं नाही.

"खालनं पुसा," ती म्हणाली. "तोंडाकडं जाऊ नगा. तीस वर्सांनी गावलंय."

शेठनी खालच्या कोपऱ्यात, जिथं अक्षरं होती तिथं, बोळा फिरवला. नाथाजीचा तपकिरी रंग आला. आणखी फिरवला. खाली लाकूड आलं. कोरं.

"काचकागद मारला हुता मी," नाथाजी म्हणाला. "त्याशिवाय नवा रंग धरत न्हाई शेट."

"सगळीकडं?"

"मी काम आर्दं करत न्हाई."

बोळा शेठच्या हातात तसाच राहिला. त्यांनी आकारामाच्या तोंडाकडं बघितलं. छातीवरचा हात तेवढा म्हाताऱ्याचा वाटत होता. नाथाजी म्हणतो, तोही आपलाच. शेठनी बाटलीला बूच लावलं आणि बाहेर येऊन चहा मागितला.

जाताना हंबीरराव मला म्हणाला, "दिवानजी, आयची तीन म्हैन्यांची पेन्शन पोस्टात पडून हाय. अर्ज लिवून द्या. का न्हेली न्हाई त्येचं कारन लिवा म्हंतोय पोस्टमास्तर."

मी लेखणी काढली. "काय कारण लिहू, आक्का?"

"काई लिवू नगा," अंबूबाई म्हणाली. "ते तीन म्हयनं मला नवरा हुता. तवाचं कशाला मागू?"

तर आता शेवटची बेरीज. इटलीतल्या बाईला दुधाचे दोन डबे हंबीररावानं दिले, ब्लँकेट सरकारचं गेलं. हंबीररावाला त्यावर इंजिन सुटलं. नाथाजीला पस्तीस रुपये आणि चौकटीत बसवलेलं एक पत्र. मुंबईवाल्यानं चाळीस रुपये दिले. पुढं तो म्हातारा त्यानं कुणाला काय म्हणून विकला ते आमच्या वहीत नाही. धनपालशेठनी इंजिनाचे साडेचारशे, नाथाजीचे पस्तीस, पार्सलचे नऊ आणि खंडाळ्याच्या फेरीचे चौदा घातले. त्यातनं चाळीस वजा जाता चारशे अडुसष्ट. त्याबद्दल ते अजून कुरकुरतात. अंबूबाईनं दिले पेन्शनचे पंधरा. ते जास्त झाले, असं तिच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नाही.